रुतलेले खिळे

श्रोतेहो, पाडलेल्या जुन्या वाड्यांतील सागवानी तुळ्या आणि चौकटी पुन्हा उपयोगात आणू पाहणाऱ्या सुताराची खरी परीक्षा लाकडात रुतून बसलेल्या खिळ्यांपाशी होते. कारण लोखंड गंजले म्हणजे त्याचे आकारमान वाढते, आणि तो गंज लाकडाच्या तंतूंना असा आवळून धरतो की, सरळ ओढ दिली असता पुष्कळदा खिळ्याचे डोके तेवढे तुटून हाती येते. सबब अंबूर लावण्यापूर्वी खिळ्यावर हातोडीचा हलका ठोका देऊन तो किंचित आत सरकवावा, जेणेकरून गंजाची पकड सुटेल. मग अंबुराखाली एखादी चपटी ढलपी ठेवून, म्हणजे लाकडाला खाच पडणार नाही, खिळा थोडा पीळ देत धीमेपणाने उपसावा. पलीकडे वळवलेले टोक आधी सरळ करणे क्रमप्राप्तच. डोके तुटलेला खिळा आरपार गेलेला असल्यास टोकाच्या बाजूने सुंब्याने उलट ठोकावा, अन्यथा पटाशीने भोवतीचे लाकूड जुजबी कोरून तो पकडीत घ्यावा. इतके उत्तम सागवान केवळ घाईपायी चिरफाळू देणे मला अक्षम्य वाटते. आणि श्रोतेहो, रंधा चालवण्यापूर्वी फळीवरून लोहचुंबक अवश्य फिरवा.