आधी तारीख, मग कायदा



‘हैदराबाद गॅझेट’ हे शब्द आता बीड जिल्ह्यातल्या आमच्या घाटनांदूरच्या बाजारातही कानावर पडतात. २ सप्टेंबर २०२५ चा मराठा आरक्षणाबाबतचा शासन निर्णय निघाल्यापासून तर चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. आरक्षणाच्या वादात मला आज शिरायचे नाही. पण ज्या छापील कागदांचा एवढा गजर झाला, ते असतात कुठे, दिसतात कसे आणि उघडायचे कुठून, हे विचारले की भलेभले गप्प बसतात. आज त्याबद्दल थोडे बोलतो.

घाटनांदूर जागचे हलले नाही. राज्ये मात्र त्याच्या डोक्यावरून बदलत गेली. सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाची राजवट, मग ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्य, दुसऱ्या दिवसापासून द्विभाषिक मुंबई राज्य आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. म्हणून आजोबांच्या वेळचा कायदा शोधायला कोणी उठून मुंबईला विधानभवनाच्या ग्रंथालयात गेला, तर १९५६ च्या आधीच्या खंडांत त्याला पुणे भेटते, खानदेश भेटतो, धारवाड आणि सुरतही भेटते. बीड भेटत नाही. आपले जुने कागद आपल्याच स्टेशनावरून जाणाऱ्या परळी–विकाराबाद मार्गाच्या पलीकडे आहेत, हैदराबादला. तिथे तारनाक्याला राज्य पुराभिलेखागार आहे. मराठवाड्याचे काही दप्तर छत्रपती संभाजीनगरच्या पुराभिलेखागारातही आहे.

निजामाच्या सरकारी राजपत्राचे नाव ‘जरीदा’. नेहमीच्या अंकाखेरीज तातडीचा अंक निघे, त्याला ‘जरीदा गैरमामुली’ म्हणत. फर्माने, कायदे, नेमणुका, सगळे त्यात छापून येई. भाषा उर्दू आणि सन फसली. इथे नवखा माणूस अडखळतो. मराठवाड्यात वर्षानुवर्षे लागू असलेला जमीन महसूल कायदा घ्या. कागदोपत्री तो ‘१३१७ फसलीचा आठवा कायदा’ असा येतो. हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरमध्ये सुरू होई. आजूर, दै, बहमन या पहिल्या तीन महिन्यांसाठी फसली सनात ५९० मिळवायचे आणि इस्फंदारपासून पुढे ५९१. म्हणजे १३१७ फसलीचे वर्ष १९०७ च्या ऑक्टोबरात सुरू झाले. एवढा हिशेब जमला की निम्मी वाट सरली. हा कायदा पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ आली तेव्हा गेला; संहिता १५ ऑगस्ट १९६७ पासून लागू झाली. पण त्याआधीच्या फेरफाराचा वाद असेल तर जुनाच कायदा काढावा लागतो.

आता आपल्या भागात घरोघरी माहीत असलेला विषय घेऊ: कुळाची जमीन. हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० चा एकविसावा. १० जून १९५० ला तो अंमलात आला. एखादा होतकरू वकील किंवा पीएचडीचा विद्यार्थी म्हणतो, या कायद्यावर सभागृहात काय चर्चा झाली ते मला पाहायचे आहे. त्याला सांगावे लागते, बाबा, दमू नकोस. १९५० साली हैदराबादला निवडून आलेली विधानसभाच नव्हती. पहिली निवडणूक झाली आणि विधानसभा बसली ती १९५२ च्या मार्चमध्ये. त्यामुळे मूळ कायद्यावर आमदारांची भाषणे मिळणारच नाहीत. मिळतात ती त्याच्या मोठ्या दुरुस्तीवर. ही दुरुस्ती १९५४ चा तिसरा अधिनियम म्हणून आली, आणि संरक्षित कुळाला मालकीची वाट उघडणारे ३८-ई हे कलम तिनेच घातले. सातबाऱ्यावर आज ज्यांची नावे आहेत, त्यांपैकी कित्येकांच्या हक्काचे मूळ त्या चर्चेच्या पानांत आहे, आणि ती पाने त्या घरांतल्या कोणी पाहिलेली नाहीत.

पाहण्यासारखी मात्र आहेत. हैदराबाद विधानसभेत तेलुगू, मराठी, कन्नड, उर्दू अशा भाषांचे आमदार एका छताखाली बसत. मुख्यमंत्री बी. रामकृष्णराव, अध्यक्ष काशिनाथराव वैद्य, आणि समोर विरोधी पक्षनेते व्ही. डी. देशपांडे. कामकाजाच्या खंडात एक भाषण उर्दूत, पुढचे इंग्रजीत आणि मध्येच देवनागरीत मराठी. कंटाळवाणा सरकारी ऐवज असेल असे समजून कोणी उघडले, तर तासभर खाली ठेववत नाही. जमीनदारीवर तिथे जी खडाजंगी झाली, तिच्यापुढे आजचे टीव्हीवरचे वाद मिळमिळीत वाटतील.

मदतमाश, म्हणजे एक प्रकारच्या इनामी जमिनींचेही असेच. इनामे रद्द करणाऱ्या कायद्याच्या नावात साल १९५४ आहे, क्रमांक मात्र १९५५ चा आठवा. नावातले साल धरून राजपत्र चाळणारा माणूस रिकाम्या हाताने परततो. शिवाय त्यातली महत्त्वाची कलमे आपल्याकडे लागू झाली १ जुलै १९६० ला, म्हणजे हैदराबाद राज्य संपून पावणेचार वर्षे झाल्यावर. तेव्हा कायदा हैदराबादच्या राजपत्रात, तो लागू केल्याची अधिसूचना महाराष्ट्राच्या राजपत्रात. आणि देवस्थान, धर्मादाय संस्थांची इनामे पहिल्याच कलमात वगळलेली! हे पहिले कलम न वाचता लोक कोर्टाची पायरी चढतात. राज्य बदलले म्हणून कायदा आपोआप गेला, असे समजणारेही भेटतात. राज्य पुनर्रचना कायद्याच्या ११९ व्या कलमाने जुने कायदे त्या त्या प्रदेशात चालू ठेवले, म्हणून ‘हैदराबाद’ नावाचे कायदे आजही अंबाजोगाईच्या तहसिलीत चालतात.

वाचायचे कसे? विधेयक मांडताना शेवटी ‘उद्देश व कारणे’ यांचे निवेदन छापतात. मी तिथून सुरुवात करतो. मग समितीचा अहवाल, मग चर्चा, आणि शेवटी राजपत्रातला मंजूर मजकूर. विधेयक आणि अधिनियम शेजारी ठेवले की कोणता शब्द कुठे गळला ते दिसते. पण एक तारतम्य ठेवा. मंत्र्याने सभागृहात काही सांगितले म्हणून तो कायदा होत नाही. कोर्ट मजकूर पाहते. भाषण फार तर हेतू समजायला उपयोगी पडते. राजपत्राची गोष्ट वेगळी, त्याचा अस्सलपणा न्यायालय गृहीत धरून चालते.

ज्यांना खटला नाही, नुसती उत्सुकता आहे, त्यांनी संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात शिरावे. मोबाइलवर होते ते. १९५२ साली बीडमधून लोकसभेवर गेले रामचंद्र गोविंद परांजपे, म्हणजे अंबाजोगाईचे बाबासाहेब परांजपे. सदस्याच्या नावाने शोधता येते. फक्त इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी घालून पाहा, आणि अंबाजोगाईसाठी ‘मोमिनाबाद’, बीडसाठी ‘भीर’ हेही शब्द टाका. त्या काळच्या कागदांत गावे अशीच सापडतात.

मुंबई इलाख्याचे कागद आपले नव्हेत, तरी रस असेल तर पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटने बरेच जुने अहवाल संगणकावर चढवले आहेत. मुंबई कायदेमंडळातली बाबासाहेब आंबेडकरांची भाषणे तर महाराष्ट्र शासनाने १९८२ मध्ये त्यांच्या लेखन-भाषणांच्या दुसऱ्या खंडातच छापली आहेत. १९२८ चे महार वतन विधेयक, १९३७ चे खोती विधेयक, सारे तिथे आहे.

कागद सापडला की फोटो काढून पळू नका. राजपत्राचे नाव, तारीख, अंक, भाग आणि पान, तिथेच उभ्याउभ्या लिहून घ्या. नक्कल मागायला पुढे हेच लागते. आणि जरीद्यातली उर्दू पाहून बिचकू नका. जुन्या मदरशात किंवा निजामाच्या वेळच्या शाळेत शिकलेल्या घरांत आपल्या गावोगाव अजून ती वाचणारे आहेत. बोलीतली अर्धी महसुली भाषा तशीही तिकडूनच आली आहे, खासरा त्यातलाच. चष्मा पुसून ते पान हातात घेतील, तेव्हा त्यांना आधी वरची फसली तारीख वाचायला सांगा.