भाषा एक झाली, मर्जी उरली
मोबाइल फोनवर चालणारें ॲप घरच्या मेजावरील संगणकावर कां चालूं नये, हा प्रश्न साधा दिसतो. पण त्याचें मूळ यंत्राच्या भाषेंत आहे. फोनचा प्रोसेसर आर्म जातीचा, तर संगणकाचा बहुधा इंटेलच्या वळणाचा. म्हणून मधें दुभाष्या बसवावा लागे, आणि दुभाष्या आला कीं काम रेंगाळे.

१० नोव्हेंबर २०२० रोजीं ॲपल कंपनीनें एम-१ प्रोसेसरचे मॅक संगणक जाहीर केले. त्यांत मेजावरचा मॅक मिनीही होता. फोनची व संगणकाची भाषा एक झाली, आणि आयफोनचें ॲप दुभाष्यावांचून मॅकवर चालूं लागलें.

तथापि तेवढ्यानें भागलें नाहीं. आपलें ॲप मॅकवर न देण्याची मुखत्यारी कर्त्याकडे राहिली, व अनेकांनीं ती वापरली. मायक्रोसॉफ्टनें विंडोज ११ वर अँड्रॉइड ॲपची सोय २०२१ सालीं जाहीर केली. ५ मार्च २०२५ रोजीं तिचा पाठिंबा संपला.

तात्पर्य, यंत्राची अडचण यंत्रज्ञ दूर करतो. दार उघडें ठेवणें मात्र मालकाच्या मर्जीवर असतें. सबब, ज्या कामावर घरचा व्यवहार अवलंबून आहे, त्याची दुसरी वाट गृहस्थानें आधींच पाहून ठेवावी.