खळ्यावरची रास आणि बैलाचे खूर



मी काही ढोरांचा डॉक्टर नव्हे. पेशा प्राध्यापकाचा, पण घर शेतकऱ्याचे. तेव्हा घरचीच गोष्ट सांगतो. एका सुगीत खळ्यावर ज्वारीची रास पडली होती. रात्री दावे मी नीट बांधले नाही आणि आमचा बैल राशीला लागला. सकाळी आम्ही म्हटले, खाल्ले बिचाऱ्याने एक दिवस पोटभर! रवंथ थांबले, शेण पातळ झाले, तरी हसण्यावारी नेले. तिसऱ्या दिवशी तो उठेना. उठवला तर पाठीची कमान करून, पाय आखडून उभा. एकदा हा पाय उचली, एकदा तो. कुणी म्हणे काटा, कुणी म्हणे खुरकूत. डॉक्टरांनी माझा तळहात त्याच्या खुरावर ठेवला. खूर तापला होता.

याला लॅमिनायटिस म्हणतात. आपण खुराचा दाह म्हणू. रोग दिसतो पायात, पण बहुधा सुरू होतो पोटात. दाणा एकदम फार गेला की कोठीपोटात आंबतो, आम्ल वाढते, विषारी द्रव्ये रक्तात उतरतात आणि खुराचे कवच आतल्या हाडाशी जोडणारा नाजूक थर सुजतो. कवच टणक, सुजेला जागा नाही. आपल्या नखाखाली ठणका लागतो ना, तसेच! दुखणे लांबले तर हाड खाली सरकते, खूर वेडावाकडा वाढतो. खुरकुतीत लाळ गळते, तोंडात फोड येतात, खुरांच्या बेचक्यात जखमा होतात; इथे ते नसते.

ज्वारीच कशाला, गहू, मका, पंगतीतला उरलेला भातही तेच करतो. शेळ्यांनाही हे होते. पोळ्याला पुरणपोळीचा घास जरूर द्या, पण टोपली पुढे ठेवू नका. खुराक वाढवायचा तर दोन आठवडे घेऊन थोडाथोडा वाढवा, आणि आधी कडबा, कुटार पोटात जाऊ द्या.

जनावराने धान्य खाल्ल्याचे कळले की लंगडण्याची वाट पाहू नका. उरलेला दाणा काढा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. १९६२ या क्रमांकावर फोन करता येतो. दुखऱ्या जनावराला मऊ जमिनीवर बांधा, खुरांवर थंड पाणी घाला, औताला जुंपू नका.

गुरुजी, वर्गातली निम्मी पोरे शाळा सुटली की ढोरांमागे जातात. खुराला हात लावून पाहायला त्यांना शिकवा. घरच्या मोठ्यांच्या आधी त्यांनाच कळेल.

आमचा बैल जगला. पण पुढची पेरणी आम्ही शेजाऱ्यांच्या जोडीवर केली.