एकमत हीसुद्धा साधना



क्वेकर हा ख्रिस्ती धर्मातला एक लहानसा पंथ. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स यांनी त्याचा पाया घातला. प्रत्येकाच्या अंतरी ईश्वराचा प्रकाश आहे, तो पाहायला मध्यस्थ लागत नाही, ही त्यांची श्रद्धा. म्हणून त्यांच्या जुन्या पद्धतीच्या उपासनेत पुरोहित नाही, प्रवचन नाही. सगळे तासभर शांत बसतात. कोणाला आतून बोलावेसे वाटले तर तो उठतो, थोडके बोलतो, खाली बसतो. त्याला लगेच कोणी उत्तर देत नाही. गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक ध्यानाला बसलेल्यांना ही शांतता परकी वाटणार नाही.

पण माझ्या मते त्यांच्या श्रद्धेची खरी कसोटी लागते ती कामकाजाच्या बैठकीत. तिथे मतदान होत नाही. पैसा, इमारत, युद्धाला विरोध, विषय कोणताही असो, बैठक चालवणारा लिपिक सगळ्यांचे ऐकतो, बैठकीचा कल ओळखतो आणि ठराव तिथल्या तिथे लिहून वाचून दाखवतो. शब्द खटकला तर बदलतो. एखाद्याचे मन मानत नसेल तर अनेकदा विषय पुढे ढकलतात. एकट्याच्या तोंडूनही सत्य येऊ शकते, हे त्यांनी मनापासून मानले आहे. आज सर्वाधिक क्वेकर केनियात आहेत. तिथल्या उपासनेत भजने आणि प्रवचने असतात. पण मतदानाशिवाय निर्णय घेण्याची रीत त्यांनीही सोडलेली नाही.

क्वेकर विचार आपल्या विदर्भातही नांदला आहे. मार्जरी साइक्स या क्वेकर बाई 1928 साली मद्रासला शिक्षिका म्हणून आल्या. पुढे सेवाग्रामला त्यांनी नई तालीम या शिक्षणपद्धतीचे शिक्षक घडवले, भारताचे नागरिकत्व घेतले. वर्गात शिकवणे आणि हाताने काम करणे हाच त्यांचा धर्म झाला.

आणि आपल्या धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गाव पाहा. तिथले गोंड बांधव क्वेकर नाहीत, त्यांची श्रद्धा त्यांची स्वतःची आहे. तरी ग्रामसभेत बहुमत चालत नाही. निर्णय सर्वसहमतीने होतो. आधी अभ्यासगटात विषय समजून घ्यायचा, मग ग्रामसभेत बसायचे. या वाटेने गावाने 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला आणि 2011 साली बांबूच्या वाहतूक पासचा अधिकारही.

दोन्हींत एक फरक आहे. क्वेकर बैठकीत ईश्वराची इच्छा शोधतात, मेंढ्यात गावाचे हित शोधतात. पण दोन्हीकडे माणसाला आपला हट्ट सोडावा लागतो, आणि तो सोडणे उपवासापेक्षा अवघड असते. 'मी हरलो' असे न वाटता मत बदलता येणे, आणि आपले मत जिंकत असतानाही थांबून दुसऱ्याचे ऐकणे, याला मी आध्यात्मिक वाढ म्हणतो. ती एकांतात पुरी होत नाही. तिला आपल्याशी न पटणारा शेजारी लागतो.

म्हणून माझी विनंती एवढीच. पुढच्या ग्रामसभेत, बचत गटाच्या बैठकीत किंवा घरातल्या वाटणीच्या बोलणीत हात वर करायला सांगण्याआधी दोन मिनिटे सगळ्यांनी शांत बसा. मग जो कधीच बोलत नाही, त्याला आधी बोलू द्या.