जात पुकारली की पोरगं अडखळतं

(कोऱ्हाळे बुद्रुक येथे तरुण व शिक्षकांपुढे केलेले भाषण)



मी गोदीत माल उचलणारा माणूस. शिक्षण मॅट्रिक. शिक्षकांच्या मानसशास्त्रावर हा काय बोलणार, असं काहींना वाटेल. वाटू द्या. बोजा किती किलोचा ते काटा सांगतो, पण तो किती रुततो ते हमालाची पाठच सांगते.

आमच्या वर्गात दर साली एक दिवस यायचा. हजेरी झाली की मास्तर मोठ्यानं म्हणायचे, "स्कॉलरशिपवाले उभे रहा." आम्ही सहा-सातजण उभे. बाकीचा वर्ग टकामका बघतोय. त्यानंतरच्या तासाला मला येणारं गणितसुद्धा सुटायचं नाही. मी समजायचो, आपलंच डोकं कच्चं.

डोकं कच्चं नव्हतं. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन अभ्यासक बायांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतल्या सहावी-सातवीच्या पोरांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. २००४ साली निष्कर्ष मांडले. जात पुकारली नाही तेव्हा सवर्ण आणि दलित पोरं बरोबरीत. बापाचं नाव आणि जात सगळ्यांसमोर वाचली, की दलित पोरांनी सोडवलेले चक्रव्यूह कमी झाले. डोकं तेच, कागद तोच. मधे फक्त एक आवाज आला. गुरुजनहो, तो आवाज शाळेत तुमचा असतो.

डी.एड., बी.एड.ला तुम्ही शैक्षणिक मानसशास्त्र शिकता. बुद्ध्यांक, प्रेरणा, पौगंडावस्था पाठ करून पास होता. ती बुद्धीची कसोटी आल्फ्रेड बिने आणि सिमाँ यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये केली, ती मागं पडणारी पोरं हुडकून त्यांना मदत मिळावी म्हणून. पुढं तीच पोरांवर छाप मारायला वापरली गेली. आमच्याकडं तर छाप मारायला कसोटीही लागली नाही. आडनाव पुरलं. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेब घरून आणलेल्या तरटावर कोपऱ्यात बसले. शिपाई असला तर पाणी, नाहीतर तहान. तिथले मास्तर काय अडाणी होते? म्हणून नुसतं शिकलेला मास्तर पुरत नाही. जोतीरावांनी १८८२ सालीच हंटर आयोगाला सांगितलं, की शिक्षक प्रशिक्षित हवेत आणि शक्यतो शेतकरी वर्गातले, लोकांत मिसळणारे हवेत.

आता मार्गदर्शनाचं बघा. २०१६ साली राज्यात दहावीच्या पोरांची कल चाचणी सुरू झाली. पोराला विचारलं गेलं हे चांगलंच. पण ज्यानं प्रयोगशाळा आतून पाहिली नाही, त्याचा विज्ञानाचा कल कागदावर उमटणार कसा? माझ्या मास्तरांनी तर चाचणीशिवायच मार्गदर्शन केलं. "अंगानं दणकट आहेस, हमालीत नीट राहशील." माझ्याएवढेच मार्क असलेल्या शेजारच्या पोराला पॉलिटेक्निकचा फॉर्म आणून दिला. मास्तरांचा शब्द खरा ठरला. मला हमालीची लाज नाही. राग याचा आहे, की दुसरा फॉर्म मला कुणी दाखवलाच नाही.

आणि तुमच्या इथं? नीरा डाव्या कालव्याच्या या बागायतीत दर हंगामाला ऊसतोडीच्या टोळ्या येतात. कोपीतलं पोरगं पहाटे आईबापासंगं फडात असतं. शाळेत आलंच तर बाकावर डुलक्या खातं. तुम्ही शेरा मारता, "अवधान कमी." अवधान पुस्तकात आहे, मोळ्या पुस्तकात नाहीत.

म्हणून आमचं मागणं साधं आहे. शिक्षकाच्या प्रशिक्षणात जात हा धडा हवा; पोराची नव्हे, मास्तरच्या मनातली. पाठ घेण्याआधी त्यानं दलित वस्तीत आणि कोपीत जाऊन बसावं. स्कॉलरशिपचे फॉर्म एकेकाला बाजूला बोलावून भरून घ्यावेत. वसतिगृह, आयटीआय, पॉलिटेक्निक, कॉलेज, सगळ्या वाटा सगळ्या पोरांना सांगाव्यात. निवड त्यांनी करावी.

शिक्षण हक्क कायदा, २००९. कलम १७ वाचा. छडीला बंदी आहे, तशी मानसिक छळालाही आहे. भर वर्गात जातीवरून उभं करणं हा छळच, असं मी मानतो. तरुणांनो, तुमच्या शाळेत हे होत असेल तर शाळा व्यवस्थापन समितीपुढं जा, लेखी द्या, पोच घ्या.

गुरुजनहो, उद्या हजेरी घ्याल तेव्हा नाव घ्या. नुसतं नाव. मग बघा ते पोरगं गणित सोडवतंय का.

जयभीम.