साधना कट आणि आत्याची कात्री

कुणी गटाची बैठक आटोपून रेडिओ लावला असेल, कुणी भाकऱ्या थापता थापता ऐकत असेल.

आज बोलू या साधनाबद्दल. सिनेमातली साधना. तरुण मुलींना नाव ठाऊक नसेल, पण आईला, सासूला विचारा. ‘साधना कट’ म्हटलं की त्या हसतील आणि हात आपोआप कपाळाकडे जाईल.

आमच्या घरात हा कट आणला आत्यानं. तालुक्याला सिनेमा पाहून आली आणि शिवणाच्या कात्रीनं कपाळावरचे केस कापून मोकळी झाली. आजी दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. आजीच्या लहानपणी बाईचे केस जायचे ते नवरा गेल्यावर. हौसेनं केस कापायचे, हे तिला सोसवेना. मला तेव्हा आजी रागीट वाटली. आता कळतं, ती भ्यायली होती.

साधनाचा जन्म १९४१ सालचा, कराचीचा. घर सिंधी. फाळणी झाली, आणि घरदार सोडून ही मंडळी मुंबईला आली. ‘श्री ४२०’मध्ये ती एका गाण्यात घोळक्यात नाचणारी मुलगी होती. पुढं १९६० साली ‘लव्ह इन सिमला’त नायिका झाली. तेव्हा अडचण निघाली कपाळाची. कॅमेऱ्यात कपाळ फार रुंद दिसतंय, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. दिग्दर्शक आर. के. नय्यर यांनी हॉलीवूडच्या ऑड्री हेपबर्नसारखे पुढचे केस कापून कपाळावर सोडायला सांगितले. सिनेमा लागला आणि गावोगावच्या मुली आरशापुढं कात्री घेऊन बसल्या! ज्याला लोक खोट म्हणत होते, त्यातूनच तिची ओळख तयार झाली. पुढं याच नय्यर यांच्याशी तिचं लग्न झालं.

पण ती नुसत्या केसांवर तरली नाही, बरं का. त्याच वर्षी बिमल रॉय यांच्या ‘परख’मध्ये ती खेड्यातल्या पोस्टमास्तरची साधीसुधी मुलगी झाली. ‘मेरा साया’तलं बरेलीच्या बाजारात झुमका हरवल्याचं गाणं तर आजही लग्नाच्या वरातीत वाजतं.

तिची दुसरी देणगी चुडीदार-कुडत्याची. चुडीदार जुनाच, पण १९६५ च्या ‘वक्त’मध्ये तिनं तो अंगाबरोबर बसणारा, नेटका असा घातला आणि शहरातल्या मुलींनी तो उचलला. त्या सिनेमाचे कपडे भानू अथय्या यांनी केले होते. भानूताई आपल्या कोल्हापूरच्या. पुढं ‘गांधी’ सिनेमाच्या कपड्यांसाठी त्यांना ऑस्कर मिळालं. आपल्या गटात शिवणकाम करणाऱ्या बायांनी हे नाव लक्षात ठेवावं.

आता दुसरी बाजू. ऐन भरात असताना साधनाला थायरॉईडचा आजार झाला. त्याचा परिणाम डोळ्यांवर झाला, आणि चेहरा हेच तर तिचं भांडवल. ती अमेरिकेत बोस्टनला जाऊन उपचार घेऊन आली, पुन्हा उभी राहिली. १९६९ साली तिचे ‘इंतकाम’ आणि ‘एक फूल दो माली’ आले. १९७४ मध्ये ‘गीता मेरा नाम’ हा सिनेमा तिनं स्वतः दिग्दर्शित केला. नंतर मात्र ती पडद्यावरून बाजूला झाली आणि फोटोसुद्धा काढू देईना. लोकांनी आपल्याला पूर्वीच्याच रूपात आठवावं, असं तिला वाटे.

मैत्रिणींनो, थायरॉईड आपल्यालाही होतो. गळ्याला सूज, छातीत धडधड, डोळे बाहेर आल्यासारखे दिसणं, विनाकारण वजन घटणं किंवा वाढणं, पाळी बिघडणं, सारखा थकवा, यातलं काही असेल तर ‘वयानं होतंय’ म्हणून अंगावर काढू नका. आशाताईंना सांगा, डॉक्टरांकडे जा. रक्ताच्या साध्या तपासणीत कळतं आणि त्यावर औषधं आहेत.

२०१४ साली, इतक्या वर्षांनी, साधना पुन्हा लोकांसमोर आली. कर्करोग आणि एड्सच्या रुग्णांसाठीच्या कार्यक्रमात गुलाबी साडी नेसून ती मंचावर चालली. दुसऱ्या वर्षी, २५ डिसेंबरला ती गेली.

परवा आत्याला विचारलं, “तेव्हा केस का गं कापलेस?” म्हणाली, “बघायला आलेल्या पाहुण्यांनी कपाळावरून नाव ठेवलं होतं. सिनेमात कळलं, तिलाही ठेवलं होतं म्हणून.”

तेव्हा बायांनो, घरात सून आणताना, पोरीला दाखवताना कपाळ, रंग, उंची यावरून बोलायची वेळ आली, तर आत्याची कात्री आठवा आणि तोंड आवरा. शेजारची बोलत असेल तर तिलाही आवरा.

पुन्हा भेटू. नमस्कार.