दाण्याच्या कुटाशिवाय

(गेल्या वर्षी गणेशोत्सवात दुपारच्या कार्यक्रमात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं आवरून देत आहे.)



कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे ‘आहार आणि आरोग्य’ असं छापलंय. पण मी डॉक्टर नाही आणि आहारतज्ज्ञही नाही, बँकेतून निवृत्त झालेली एक आजी आहे. माझ्या नातवाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. नुसती अंगाला खाज सुटते तशी नव्हे, श्वास अडकवणारी. तुमच्यापैकी बरेच जण त्याला ओळखता. काल आरतीत सगळ्यात जोरात झांजा वाजवत होता, तोच.

तो तीन वर्षांचा असताना एका वाढदिवसाला त्याने चिक्कीचा तुकडा खाल्ला. पाच-दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, उलट्या झाल्या आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. दवाखाना जवळ होता म्हणून निभावलं. तिथे मांडीत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन दिलं आणि रात्रभर ठेवून घेतलं, कारण ओसरलेला त्रास काही तासांनी पुन्हा उलटू शकतो. पुढे ॲलर्जीच्या डॉक्टरांनी हातावर थेंब टाकून टोचायची चाचणी केली, रक्त तपासलं आणि निदान पक्कं झालं. “मोठेपणी जाईल का?” सुनेनं विचारलं. पाचांत साधारण एका मुलाची जाते, असं उत्तर मिळालं. परत येताना गाडीत कुणी काही बोललं नाही.

शेंगदाणा टाळा, हे सांगणं सोपं आहे. मराठी स्वयंपाकघरात उभं राहून टाळून बघा! कोशिंबिरीत कूट, भरल्या वांग्यात कूट, साबुदाण्याच्या खिचडीत मूठभर कूट, अळूच्या भाजीत दाणे, पोह्यांत दाणे, चिवड्यात दाणे. एकादशीला तर दाण्याची आमटी हवीच. त्यातून आपण हैदराबादेत राहतो. इथे इडलीबरोबर पल्लीची चटणी येते, पुलिहोऱ्यात पल्ली असते, मिरची का सालन आणि बगारा बैंगन यांच्या वाटणातही दाणे असतातच. ‘इंदुलो पल्लीलु उन्नाया?’ म्हणजे यात दाणे आहेत का, हे आमच्या नातवाने पाठ केलेलं पहिलं तेलुगू वाक्य.

घरात दाणे ठेवायचेच नाहीत, असं आम्ही ठरवलं. त्याच्यापुरतं वेगळं करू, असं सुरुवातीला मनात आलं होतं, पण एकाच घरात दोन मिक्सर आणि दोन कढया सांभाळायच्या आणि कोणता चमचा कुठे गेला त्यावर पहारा करायचा, हे आठवडाभरही निभलं नसतं. भाजून वा तळून दाण्यातला दोष जात नाही. घाण्याचं तेलही बंद केलं. रिफाइंड तेलातून दाण्याची प्रथिनं बहुतेक निघून जातात, घाण्याच्या तेलात मात्र ती उतरतात आणि ॲलर्जी त्यांचीच असते. आता कोशिंबिरीत ओलं खोबरं घालते आणि वांग्यांत तीळ नि सुकं खोबरं. तीळ त्याला चालतात की नाही हे आधी तपासून घेतलं, कारण काही मुलांना दोन्ही बाधतात. खिचडी नारळ-बटाट्याची करते. मोकळी होते, पण ती चव नाही, हे कबूल! ह्यांना सोलापुरी दाण्याची चटणी जिवाहून प्यारी. एका दिवसात सोडली आणि तक्रार केली नाही. भाकरी खाताना ताटाच्या डाव्या बाजूकडे मात्र अजून बघतात.

पाकिटातल्या पदार्थांचं बरं आहे. खाद्य नियामकाच्या २०२० च्या नियमांनुसार शेंगदाणा असेल तर पाकिटावर तसं लिहावं लागतं. पण सुट्या मिठाईला आणि शेजारणीने प्रेमाने आणलेल्या लाडवाला लेबल नसतं. खरी अडचण तिथेच होती आणि अजूनही आहे. ‘नको’ म्हटलं की माणसं दुखावतात. ‘आमच्या वेळी नव्हती बाई ही ॲलर्जी-बिलर्जी’ हे मी इतक्यांदा ऐकलंय, की आता नुसती हसते. पण ‘थोडं थोडं देत जा, सवय होईल’ असं कुणी म्हणालं की मी हसत नाही.

त्या बोलण्यात अर्धं सत्य आहे, म्हणून ते जास्त धोक्याचं. लंडनमध्ये ६४० तान्ह्या मुलांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. ज्यांना ॲलर्जी होण्याचा संभव जास्त, अशी ही मुलं. त्यांतल्या निम्म्यांना पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचे पदार्थ द्यायला सुरुवात केली, निम्म्यांना पाच वर्षं दिलेच नाहीत. न खाणाऱ्यांत शंभरातल्या सुमारे १७ मुलांना ॲलर्जी झाली, खाणाऱ्यांत सुमारे तिघांना. पण ही गोष्ट ॲलर्जी होण्याआधीची. झाल्यावर सवय लावायची तर ती डॉक्टरांच्या नजरेखाली, मोजून मापून. मावशीने गंमत म्हणून चारलेल्या लाडवाने नव्हे.

प्रसादाचं काय, हा प्रश्न त्यानेच सोडवला. खिरापत समोर आली की तो हात जोडतो, आणि त्याच्या वाटणीची मी घेते. “बाप्पाला माहीत आहे ना, आजी?” असं एकदा त्यानं विचारलं होतं. माहीत आहे, म्हटलं. पण सगळी मुलं खिरापत खात असताना हात जोडून उभं राहणं आठव्या वर्षी काय असतं, ते त्याच्याकडे बघणाऱ्याला कळतं. म्हणून आज मंडळाकडे एक मागणं आहे. रोजच्या प्रसादात काय काय घातलंय ते आरतीनंतर एका वाक्यात सांगा, आणि महाप्रसादाच्या आचाऱ्याला निदान एक गोड पदार्थ दाण्यांशिवाय, वेगळ्या भांड्यात करायला सांगा. फक्त माझ्या नातवासाठी नाही. काजू, दूध, गहू न चालणारी माणसंही या सभागृहात असतील. ती गप्प बसून राहतात.

आणि इंजेक्शन. ओठ सुजले, श्वास लागला, उलटी झाली, गळून गेला, तर खाजेच्या गोळीवर थांबायचं नाही. गोळीने पित्त बसेल, श्वास मोकळा होणार नाही. मांडीच्या बाहेरच्या बाजूला ॲड्रेनॅलिन द्यायचं. किती द्यायचं ते त्याच्या वजनावरून डॉक्टरांनी लिहून दिलंय. मग आडवं झोपवायचं, श्वास लागत असेल तर टेकून बसवायचं, पण उठवून चालवायचं नाही. लगेच १०८ ला फोन करायचा. ही सेवा २००५ मध्ये आपल्याच हैदराबादेत सुरू झाली. औषधाची मुदत मी गणपतीत आणि होळीला बघते, म्हणजे विसरत नाही. सून, मुलगा, हे, वर्गशिक्षिका आणि समोरच्या फ्लॅटमधल्या लक्ष्मीगारू, सगळ्यांनी संत्र्यावर टोचून सराव केलाय. लक्ष्मीगारूंचा हात सगळ्यात स्थिर.

ती पेटी आत्ता माझ्या पिशवीत आहे, आणि चार संत्री पण आणली आहेत. चहाच्या आधी ज्यांना शिकायचंय त्यांनी पुढे या.